मधल्या फळीतला जावई

माझा नवरा फुटबॉल खेळायचा, पैसे घेऊन खेळायचा, असं सांगितलं की पुण्यातल्या नातेवाइकांचे डोळे चकाकतात. मग ते क्लबचं नाव विचारतात. मी सांगते आणि चकाकी जाते. "हा कुठला गं?" म्हणतात. स्कॉटलंडमध्ये लीगच्या चार पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवरच्या क्लबांची नावं जगाला ठाऊक असतात. माझ्या नवऱ्याची सगळी कारकीर्द खालच्या दोन पायऱ्यांवर गेली, आणि तिथली नावं त्या त्या गावाबाहेर फारशी कोणाला माहीत नसतात. म्हणून मी इथे कोणाचंच नाव घेणार नाही. नवऱ्याचं तर नाहीच. त्याचं नाव चारचौघांत मी एकदाच रीतसर घेतलं, तेही लग्नातल्या उखाण्यात, आणि ते स्कॉटिश नाव यमकात बसवताना माझ्या मावशीच्या तोंडाला फेस आला होता.

मी पुण्याहून लंडनजवळच्या मेडनहेडला आले ती सॉफ्टवेअर कंपनीच्या वर्क व्हिसावर. दोन वर्षांनी कंपनीने एका बँकेच्या कामासाठी मला स्कॉटलंडला धाडलं. मेडनहेडला निदान ट्रेनमध्ये शेजारी बसलेला माणूस कोथरूडचा निघायचा. इथे पूर्व किनाऱ्यावरच्या या गावात मराठी माणूस औषधालाही सापडेना. मी होते, समुद्र होता आणि वारा होता. त्यातून पहिल्याच नोव्हेंबरात फ्लॅट गरम ठेवणारा गॅसचा बॉयलर बंद पडला.

घरभाड्याच्या एजन्सीने पाठवलेला गॅसवाला शुक्रवारी आला. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. त्याने बॉयलरच्या पोटात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "पार्ट लागेल. उद्या आणतो, पण संध्याकाळी. दुपारी मॅच आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन स्वेटर आणि एक शाल गुंडाळून मी घरात बसलेय, आणि हा मॅच बघायला चाललाय! मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. खरं तर जरा जास्तच स्पष्ट सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला तेव्हा त्याचे केस ओले होते, भुवईवर ताजे टाके होते आणि तो एका पायावर जपून चालत होता.

"काय झालं?" मी विचारलं. "प्रेक्षकांत मारामारी झाली का?"

"मी बघायला नाही जात," तो म्हणाला. "मी खेळतो."

बॉयलर सुरू झाला. मी आलं घालून चहा केला. तो त्याने संपवला आणि पुढच्या आठवड्यात, कोणी बोलावलेलं नसताना, बॉयलर नीट चाललाय ना हे बघायला आला. तो बॉयलर त्या हिवाळ्यात इतक्या वेळा तपासला गेला की बिचारा अजून बंद पडलेला नाही.

त्याची पहिली मॅच बघायला गेले तेव्हा मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मैदानाच्या एका बाजूला पत्र्याचं छप्पर असलेला स्टँड, बाकी तीन बाजूंना नुसत्या काँक्रीटच्या पायऱ्या, आणि गोलच्या मागे समुद्र. चारेकशे माणसं असतील, त्यांतली निम्मी एकमेकांची नातलग. मी शाकाहारी म्हटल्यावर मांसाच्या पाई विकणाऱ्या खिडकीतल्या सत्तरीच्या बाईने मला मॅकरोनी भरलेली पाई दिली. ही बाई क्लबची सेक्रेटरी. तिकिटं, पाई, खेळाडूंचे टॉवेल, पंचांचा चहा, सगळं तिच्याकडे. क्लबचा अध्यक्ष दुसरा कोणीतरी होता, पण तो शोभेपुरता.

मी पाई खात नवऱ्याकडे, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याकडे, बघत राहिले. हा चेंडूला पाय लावतच नव्हता! इकडून तिकडे पळायचा, उभा राहायचा, हात करून कोणाला तरी काहीतरी सांगायचा. चेंडू आलाच तर शेजारच्याला देऊन मोकळा. घरी जाताना मी म्हटलं, "तू फार छान खेळलास." तो हसला. "तू काय बघितलंस?" मी खरं सांगितलं, की काहीच नाही. "मग बरोबर," तो म्हणाला. "मी दिसलो नाही म्हणजे काम नीट झालं."

मधल्या फळीतल्या, तेही बचावाकडे झुकून खेळणाऱ्या खेळाडूचं काम मला पुढे हळूहळू कळत गेलं. प्रत्येक लग्नघरात एक काका असतो. तो फोटोत कुठेच नसतो, पण सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याच खिशात असतात, आणि तो नसला तर पंगत खोळंबते. माझा नवरा फुटबॉलमधला तो काका. समोरच्यांचा हल्ला जिथून येणार तिथे तो आधीच जाऊन उभा असायचा. इतक्या वर्षांत त्याने गोल किती केले हे विचारू नका. मी विचारत नाही, माझे बाबा मात्र दर रविवारी फोनवर विचारायचे. "जावईबापूंनी काल गोल मारला का?" "नाही बाबा." "बरं, पुढच्या वेळी." बाबांच्या आवाजात अशा वेळी, परीक्षेत पुन्हा गटांगळी खाल्लेल्या पोराबद्दल असते तशी माया असायची.

नवऱ्याची कारकीर्द सांगायची तर अशी. सोळाव्या वर्षी त्याला एका मोठ्या क्लबच्या तरुणांच्या टीममध्ये घेतलं. एकोणिसाव्या वर्षी त्या क्लबच्या कार पार्कमध्ये एका कोचने त्याला गाठून सांगितलं, की आम्ही तुला पुढे ठेवत नाही. कोचच्या हातात सँडविच होतं, हे त्याला अजून आठवतं. मग गॅसचं काम शिकला आणि खाली आला. पाच क्लब, त्यांतल्या एकात, म्हणजे या गावच्या क्लबात, दोनदा. दिवसा लोकांच्या स्वयंपाकघरात बॉयलर उघडायचा, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ट्रेनिंग, शनिवारी मॅच. एकदा क्लब एक पायरी वर चढला, दोनदा उतरला. एकदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एकदा कपच्या मॅचमध्ये समोर बडा क्लब आला, आणि तो टीव्हीवर दिसला. जवळून दिसला तो फक्त पिवळं कार्ड मिळालं तेव्हा. बाबांनी त्या कार्डाचा स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आमचे जावई, थेट प्रक्षेपण.' ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले.

शनिवार आमच्या संसारात कधी नव्हताच. लंडनमध्ये क्रॉयडनला माझा चुलतभाऊ राहतो. त्याच्याकडचा गणपती, बारसं, घरभरणी, सगळं शनिवारी, कारण तिथल्या लोकांना तोच दिवस सोयीचा. "नाही रे जमणार, मॅच आहे," हे मी इतक्या वेळा सांगितलं की वहिनीने मला आमंत्रण देतानाच "मॅच असेलच ना?" असं विचारायला सुरुवात केली. आमचं लग्नसुद्धा जूनमध्ये झालं, कारण तेवढाच काय तो महिना फुटबॉल झोपलेला असतो. बाबांनी गुरुजींना ठणकावून सांगितलं, की जावयाला सुट्टी नाही, मुहूर्त याच पंधरवड्यात बसवा. गुरुजींनी काढीव मुहूर्त काढला. संसार त्यावर चांगला चाललाय.

या सगळ्या वर्षांत मला एकच गोष्ट खरी जाचायची, ती म्हणजे मे महिना. खालच्या लीगमध्ये करार बहुधा एका वर्षाचा असतो. सीझन संपला की मॅनेजर एकेकाला फोन करतो. पुढच्या वर्षी हवास, किंवा नकोस. त्या दिवसांत नवरा फोन उशीखाली ठेवून झोपायचा, आणि विचारलं तर म्हणायचा, "गिऱ्हाइकांचे येतात."

गेल्या मे महिन्याची गोष्ट वेगळी होती. तो पस्तीस वर्षांचा झाला होता. रविवारी सकाळी जिना उतरताना कठड्याला धरून उलटा उतरायचा, म्हणजे गुडघा कमी दुखतो. मॅनेजर नवा होता, वयाने नवऱ्याहून लहान, एके काळी त्याच्याच शेजारी खेळलेला. फेब्रुवारीत एकदा भांडी पुसता पुसता नवरा म्हणाला, "अजून एक वर्ष मिळालं तर बरं होईल." बस, एवढंच. पण हा माणूस कधीही 'मला हे हवं' असं म्हणत नाही. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर मोजे सांगतो. त्यामुळे मी ते वाक्य जपून ठेवलं. त्याला अजून एक वर्ष मिळावं, ही त्या वर्षी माझी देवाकडची एकमेव मागणी होती.

एप्रिलमध्ये बाबा आले. आई गेल्यापासून ते पुण्यात एकटे असतात, पण एकटे कसले, सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे ते चिटणीस आहेत. आणि बाबांना एक छंद आहे, सत्कार करण्याचा. सोसायटीतला कोणी दहावी पास झाला, कोणाच्या मुलीला नोकरी लागली, लिफ्टवाल्याने लिफ्ट वेळेत दुरुस्त केली, की बाबा त्याला शाल आणि श्रीफळ देतात. आमच्या कपाटात शालींचा एक खण राखीवच असतो. "माणूस जिवंत आहे, हातीपायी धड आहे, तोवर त्याचं कौतुक करावं. मेल्यावर फोटोला हार घालणारे पुष्कळ असतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आई म्हणायची, यांच्या तावडीतून फक्त पोस्टमन सुटलाय, कारण तो सायकल थांबवत नाही.

बॅग उघडली तर चिवड्याच्या आणि भाजणीच्या पिशव्यांखालून एक भरजरी शाल निघाली, माकडटोपीत गुंडाळलेला शेंडीचा नारळ निघाला, आणि टोपलीएवढ्या डब्यातून पुणेरी पगडी.

"बाबा, हे कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे? जावईबापूंसाठी. इतकी वर्षं क्लबची सेवा केली, कोणी दोन शब्द बोललंय का?"

"अहो, नारळ इथे सुपरमार्केटमध्ये मिळतो."

"बघितला मी मागच्या वेळी. बोडका असतो. बोडक्या नारळाने सत्कार होत नाही."

मला वाटलं, हरकत काय आहे? सीझनची शेवटची घरची मॅच येत होती. गुरुवारी मी बाबांना घेऊन सेक्रेटरीबाईंकडे गेले. बाबांनी त्यांच्या सरकारी इंग्रजीत तिला सांगितलं, की माझ्या जावयाच्या प्रदीर्घ सेवेबद्दल मला त्याचा जाहीर सत्कार करायचा आहे, मॅचपूर्वी, मैदानाच्या मध्यभागी, सर्वांसमक्ष. पाच मिनिटं पुरतील.

बाईचा चेहरा एकदम बदलला. तिने माझा हात हातात घेतला. "त्याला माहीत आहे, तुम्ही हे करताय?"

"छे, सरप्राइज आहे," मी म्हटलं.

"मी कोणाला बोलू देणार नाही," ती म्हणाली, आणि तिने एप्रनला डोळे पुसले. किती हळवी बाई आहे, असं मी मनात म्हटलं. बाबांनाही ती फार आवडली. "सुसंस्कृत आहे हो," ते येताना म्हणाले.

शनिवारी लख्ख ऊन होतं आणि वारा असा की झेंड्याचा खांब वाकत होता. दोन्ही टीम मैदानात आल्या. माइकवर घोषणा झाली, की आज एक पाहुणे भारतातून आले आहेत. बाबा सूट, मफलर आणि पायात कॅनव्हासचे बूट अशा थाटात हिरवळीवरून चालत निघाले, मागे मी डबा आणि पिशवी घेऊन. नवरा मध्यवर्तुळात पाय झटकत उभा होता. त्याने आम्हाला बघितलं आणि त्याचा चेहरा, गिऱ्हाइकाने बॉयलरऐवजी गळकी वॉशिंग मशीन दाखवल्यावर होतो, तसा झाला.

बाबांनी घाई केली नाही. त्यांनी पगडी दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर ठेवली, जरा तिरकी झाली ती सरळ केली. शाल उलगडून खांद्यांवर घातली. वाऱ्याने ती उडाली, ती पंचांनी पकडून दिली. मग नारळ हातात दिला आणि बाबांनी माइक घेतला.

"माझे जावई फारसे गोल करत नाहीत," ते इंग्रजीत म्हणाले. मैदान हसलं. "मी दर आठवड्याला विचारतो, म्हणून मला माहीत आहे. पण इथे बसून मी बघितलं, की ते दुसऱ्यांनाही गोल करू देत नाहीत. असा माणूस घरात असला की घर टिकतं. तुमचंही टिकलं. धन्यवाद."

आधी छपराखालची माणसं उभी राहिली. मग पायऱ्यांवरची. मग त्यांनी त्याचं नाव घेऊन गायला सुरुवात केली, आणि ते गाणं थांबेना. समोरच्या टीमचे खेळाडूसुद्धा टाळ्या वाजवत होते. नवरा पगडी घालून, नारळ पोटाशी धरून, मध्यभागी उभा. त्याने एकदा स्टँडकडे बघितलं, एकदा बाबांकडे, आणि मग बराच वेळ नारळाकडे. शेवटी नारळ गोलकीपरने घेतला आणि जाळीमागे आपल्या पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवला. पहिला अर्धा खेळ तो तिथेच होता.

मॅचमध्ये काही पणाला नव्हतं, दोन्ही क्लब मध्येच कुठेतरी लटकलेले. तरी नवरा छान खेळला, आणि आता मला ते दिसत होतं. फक्त एक नवीन होतं. चेंडू बाहेर गेला की तो एरवी ओरडून माणसं लावतो. त्या दिवशी तो तेवढ्या वेळात इकडेतिकडे बघत होता. छपराकडे, पायऱ्यांकडे, गोलमागच्या समुद्राकडे. शेवटची दहाएक मिनिटं राहिली तेव्हा त्याच्या जागी दुसरा खेळाडू आणायला त्याच्या नंबरची पाटी वर झाली. समोरच्या टीमचा आठ नंबर, ज्याच्याशी त्याची दुपारभर ढकलाढकली चालली होती, धावत येऊन त्याला भेटला. पुन्हा सगळं मैदान उभं. तो इतक्या सावकाश चालत बाहेर आला, की वेळ काढतोय म्हणून पंचांनी एरवी दम दिला असता. पंच त्या दिवशी काही बोलले नाहीत.

"बघ," बाबा मला कोपराने ढोसत म्हणाले, "शाल-श्रीफळाची किंमत या लोकांना कळते. मी उगाच नाही म्हणत."

मलाही तेच वाटत होतं. किती प्रेमळ गाव आहे, असं म्हणत मी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

मॅचनंतर बाबांसाठी चहा घ्यायला मी खिडकीशी गेले. सेक्रेटरीबाई खिडकीमागून बाहेर आली आणि तिने मला घट्ट मिठी मारली. "आता तुझे शनिवार तुला मिळाले," ती म्हणाली. "आमचं मात्र अवघड आहे. त्याच्याशिवाय मैदान कसं बघायचं?"

"का? तो कुठे चाललाय?"

ती मागे सरकली. "म्हणजे? रिटायर होतोय ना? तुझे वडील इतक्या लांबून निरोप द्यायला आले…"

"निरोप कसला? तो तर सत्कार होता," मी म्हटलं. तिने गडबडून समजावलं, की इथे मध्यभागी बोलावून कोणाला मानाने काही दिलं तर ते बहुधा जायच्या वेळीच देतात. म्हणून तिने मॅनेजरला सांगितलं, मॅनेजरने टीमला सांगितलं, आणि टीमने, सरप्राइज आहे म्हणून, नवऱ्याला एक अक्षर सांगितलं नाही. गावात गुरुवारपासून सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते आम्हा तिघांना.

मी ड्रेसिंग रूमकडे पळाले. दारात नवरा आणि मॅनेजर उभे होते. मॅनेजरचे डोळे ओले होते. "स्वतःहून थांबायला मोठं मन लागतं," तो म्हणत होता. "मी तुला फोन करणारच होतो. ते आता राहिलं."

कशासाठी करणार होतास फोन? हो म्हणायला, की नाही म्हणायला? हे माझ्या जिभेवर आलं होतं. नवऱ्याने माझं कोपर हलकेच दाबलं आणि मॅनेजरला म्हणाला, "थँक्स."

गाडीत बाबा पगडी मांडीवर घेऊन घरापर्यंत बोलत होते.  मी बाबांवर चिडले होते, सेक्रेटरीबाईवर चिडले होते, त्या शेंडीच्या नारळावर चिडले होते. घरी आल्यावर बाबा दमून जरा आडवे झाले. मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि फोन उचलला.

"मी आत्ता मॅनेजरला सांगते, की हा सगळा गोंधळ आहे. तुला अजून खेळायचंय."

"ठेव तो," नवरा म्हणाला.

"का ठेवू? आमच्याकडे लिफ्टवाल्याचासुद्धा सत्कार होतो! त्याचा अर्थ कोणी रिटायर झाला असा होत नाही! तुला कळलं होतं का लोकांना काय वाटतंय ते?"

"स्टँड उभा राहिला तेव्हाच कळलं. तसे ते फक्त जाणाऱ्यासाठी उभे राहतात."

"मग तिथेच बोलला का नाहीस?"

"माइक बाबांच्या हातात होता," तो म्हणाला. हे मात्र खरं होतं, बाबांच्या हातातून माइक काढून घेणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

तो खुर्चीवर बसला, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. मग तो बोलला. लग्नानंतर एका दमात इतकं बोललेला मी त्याला ऐकलं नव्हतं. म्हणाला, "मी ज्यांच्याबरोबर खेळलो त्यांतले बहुतेक जण आता थांबलेत. एकाला मेसेज आला. एकाला पेपरातून कळलं. एकाचा गुडघा मंगळवारी ट्रेनिंगमध्ये गेला, पावसात, बघायला कोणी नव्हतं. मला एकोणिसाव्या वर्षी कार पार्कमध्ये सांगितलं, ते तुला माहीत आहे. त्यांतल्या एकालाही खेळताना माहीत नव्हतं, की ही आपली शेवटची मॅच आहे. मला आज माहीत होतं. सुरू व्हायच्या आधी कळलं. मला अख्खी मॅच मिळाली, नीट बघायला."

"पण तुला अजून एक वर्ष हवं होतं."

"हवं होतं," तो म्हणाला. "मिळालं असतं की नाही, मला माहीत नाही. मिळालं असतं तरी पुढच्या मे महिन्यात पुन्हा फोनच आला असता. नारळ नसता आला."

मी फोन खाली ठेवला. मला वाईट वाटत होतं, रागही पुरता गेला नव्हता, आणि तरी तो माणूस खुर्चीत इतका निवांत बसला होता की माझ्या मनावरचं ओझं हळूहळू उतरत गेलं. "बाबांना यातलं काही कळता कामा नये," तो म्हणाला. मी बरं म्हटलं. रविवारी बाबांनी तो नारळ फोडला आणि आम्ही त्याच्या वड्या केल्या. सोमवारी सेक्रेटरीबाईला नेऊन दिल्या.

बाबा पुण्याला परतले. मे उजाडला. फोन कोणाचाच आला नाही. नवरा दोन-तीन दिवस जरा गप्प होता, मग एका शनिवारी क्रॉयडनला जाऊ या म्हणाला. आम्हाला दारात बघून वहिनीने आधी कॅलेंडर बघितलं.

महिन्याअखेरीस, रविवारी, बाबांचा नेहमीचा फोन आला. "जावईबापूंचा पुढच्या वर्षीचा करार झाला का?" मी काहीतरी थाप मारणार तेवढ्यात नवऱ्याने फोन मागितला. त्याला मराठी बऱ्यापैकी कळतं, बोलताना मात्र शब्द मोजून बोलतो.

"बाबा, मी थांबला. आता खेळणार नाही."

 बाबांचा आवाज एकदम चिटणीसाचा झाला. "थांबलात? बरं केलंत, गुडघा सांभाळा. पण मला सांगा, क्लबनं निरोप समारंभ केला की नाही? का तसंच पाठवलं? तसंच पाठवलं असेल तर मी पत्र लिहितो."

"नाही बाबा, झाला," नवरा म्हणाला. "छान झाला. सगळे उभे होते."

"प्रमुख पाहुणे कोण होते?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली, कारण मला रडू फुटत होतं.

"एक म्हातारे गृहस्थ," तो शब्द शोधत म्हणाला. "खूप लांबून आले होते."

"बोलले का नीट?"

"थोडंच बोलले. पण चांगलं बोलले."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले.